मे महिन्याची मुंबई आणि कडेवरचं पोर: ठिकाण सगळ्यात शेवटी ठरवा

शाळांना सुट्टी लागली की आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यामागे एक-दोन कुलपं दिसायला लागतात. सगळे गावाला. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात, त्यामुळे ज्यांचा मुहूर्त हुकला ते इथेच राहतात. घरात दोन ते पाच वर्षांचं मूल, बाहेर उकाडा, आणि रविवारी सकाळी नऊ वाजता कोणीतरी म्हणतं, "चला, राणीच्या बागेत जाऊ."

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. अंघोळी, पोहे, डबे होईपर्यंत अकरा वाजतात. मेगाब्लॉकमुळे गाडी रखडते. साडेबारापर्यंत रांगेत पोचावं तर पोर कडेवरून उतरायला तयार नाही. आइसक्रीम देऊन गप्प करायचं, ते परतीच्या गाडीत चार वाजता गाढ झोपणार आणि रात्री बारापर्यंत टक्क जागं राहणार. आई-बाबा एकमेकांशी बोलत नाहीत ते वेगळंच.

यात बागेची चूक नाही, मुलाचीही नाही. आपण ठिकाण आधी ठरवतो आणि बाकीचं त्याच्या मागे फरफटत नेतो. क्रम उलटा हवा: आधी मुलाची झोप, मग ऊन, मग भरती, मग वार आणि गाडी, आणि जे उरेल त्यात बसणारं ठिकाण.

(सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. त्याला उन्हाळ्यातही वरचं पाणी द्यायचं नसतं, दूधच जास्त वेळा पाजायचं. ते थोडं मोठं होईपर्यंत संध्याकाळी गॅलरीत किंवा बिल्डिंगखाली चक्कर पुरे.)

टप्पा १: तीन दिवस मुलाचं घड्याळ लिहा

मूल कधी उठतं, कधी खातं, शी कधी होते, दुपारी कधी पेंगायला लागतं, हे तीन दिवस फ्रिजवरच्या कागदावर लिहा. अंदाजाने सांगू नका. माझा अंदाज "एक वाजता झोपतो" असा होता; कागद म्हणाला, बारा वाजून दहा मिनिटांनी डोळे चोळायला लागतो.

डोळे चोळण्याच्या वेळेच्या तासभर आधी तुम्ही घरात हवेत. तिथून उलटं मोजत या. साडेबाराला डोळे चोळणारं मूल साडेअकराला घरी हवं. प्रवास पाऊण तासाचा असेल तर पावणेअकराला ठिकाण सोडायचं, आणि दोन तास खेळायचं असेल तर पावणेनऊला तिथे पोचलेलं असायचं. हा हिशेब एकदा कागदावर केला की निम्मी ठिकाणं आपोआप गळतात.

टप्पा २: थर्मामीटरवर विसंबू नका

मेमध्ये मुंबईचं कमाल तापमान साधारण ३३-३४ अंश असतं. नागपूरची बहीण फोनवर हसते, "एवढंच?" पण आपल्याकडे हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. म्हणून मुंबईत नुसती सावली पुरत नाही, वारा लागतो. बहिणीच्या सल्ल्यावरून कूलर आणू नका. तो हवेत आणखी ओल भरतो. ओलं फडकं डोक्यावर ठेवायचं तर त्यावर वारा लागला पाहिजे, नाहीतर ते नुसतं गरम पोटीस.

वाऱ्याचं गणित असं: सकाळी उशिरा कधीतरी समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि पारा फार चढत नाही. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस जमिनीकडचा, पूर्वेचा वारा जोर धरतो आणि खारा वारा दुपारपर्यंत अडतो. मुंबई ३७-३८ च्या पुढे जाते ती अशा दिवशी. किनारपट्टीवर तापमान ३७ अंशांवर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेलं, तर हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. तसा इशारा आला की त्या दिवशीचा सकाळचा बेतही रद्द. मूल रडेल, पण घरात रडेल.

एरवी बाहेरच्या दोन खिडक्या: उजाडल्यापासून साडेदहापर्यंत आणि संध्याकाळी सव्वापाचनंतर. मधल्या वेळात फक्त छप्पर असलेली जागा.

टप्पा ३: समुद्रावर जायचं असेल तर आधी तिथी बघा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. "संध्याकाळी चौपाटीवर जाऊ" म्हणून निघतात आणि पोचतात तेव्हा पाणी वर चढलेलं. वाळूचा अरुंद पट्टा उरलेला, त्यावर सगळी मुंबई दाटलेली.

कोकणात कोळी आणि खारवी पिढ्यान्‌पिढ्या वापरतात तो हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर जमतो. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावस्येला मुंबईत भरती भर दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज हे सगळं पाऊण-एक तासाने पुढे सरकतं. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. छापील भरती-ओहोटीचं कोष्टक मिळालं तर तेच धरा.

लहान मुलासाठी निष्कर्ष: पौर्णिमा किंवा अमावस्या आणि त्यानंतरचे तीनेक दिवस. त्या दिवसांत संध्याकाळी साडेपाच-सहाला पाणी मागे हटत असतं किंवा हटलेलं असतं. जुहूला तेव्हा ओल्या, सपाट वाळूचं मैदान मिळतं. त्यावर बारक्या खेकड्यांनी ठेवलेल्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी असते. तीन वर्षांच्या मुलाला एवढंच अर्धा तास पुरतं. घोडागाडी लागत नाही. सप्तमी-अष्टमीच्या संध्याकाळी मात्र किनारा टाळा, तेव्हा बागेत जा.

*सावध:* पाणी उतरत असताना लाट पाय मागे ओढते. मुलाचे घोटे भिजतील त्याच्या पुढे नाही, आणि हात सोडायचा नाही. फोटो काढणारा आणि हात धरणारा माणूस वेगळा हवा. अक्सा किनारा बुडण्याच्या घटनांसाठी बदनाम आहे. तिथे कडेवरच्या पोराला घेऊन पाण्याजवळ जाण्याचं काहीच कारण नाही. बँडस्टँडच्या खडकांवरही नको. शेवाळ निसरडं असतं, आणि भरती लागली की मागची वाट पाण्याखाली जाते.

*तपासा:* पायात मागून पट्टा असलेली सँडल आहे का? काचा आणि लोखंडाचे तुकडे वाळूत दिसत नाहीत.

टप्पा ४: वार आणि गाडी

राणीची बाग बुधवारी बंद. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि एलिफंटा सोमवारी बंद. हे मला माहीत होतं, तरी एकदा सुट्टी टाकून आम्ही बुधवारी भायखळ्याला उतरलो. बंद फाटकासमोर उभं राहून मुलाला पेंग्विनचं काय झालं ते सांगावं लागलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग फाटक वाजव." तेव्हापासून निघण्याआधी वार मोठ्याने म्हणायची आमच्या घरात पद्धत आहे.

रविवारी मेगाब्लॉक बहुधा उशिरा सकाळी सुरू होतो आणि दुपारी संपतो. म्हणजे जाताना गाडी मिळते आणि नेमकी झोपेच्या वेळी, परतताना, रखडते. शक्य असेल तर शनिवार धरा.

उपनगरात राहणाऱ्यांसाठी एक नियम पाठ करा: सकाळी लांब, संध्याकाळी जवळ. सकाळी लवकर निघालात तर चर्चगेट-सीएसएमटीकडे जाणारी गाडी अजून श्वास घेण्याजोगी असते, आणि अकराच्या सुमारास परतताना तुम्ही गर्दीच्या उलट दिशेने असता. संध्याकाळी हेच उलटं होतं. कांदिवलीहून गिरगाव चौपाटीला गेलात तर साडेसातला विरार गाडीत मूल घेऊन चढायचं आहे, हे लक्षात ठेवा. संध्याकाळचं ठिकाण रिक्षाच्या टप्प्यातलं हवं. आणि रिक्षा वांद्रे-शीवच्या दक्षिणेला चालत नाहीत. तिथे टॅक्सी किंवा बेस्ट.

पाच वर्षांखालच्या मुलाला लोकलचं तिकीट लागत नाही. एसी लोकलचं वेळापत्रक जुळत असेल तर तेवढे पैसे परतीच्या प्रवासावर घाला, जातानाच्या नाही. जाताना सगळ्यांचाच उत्साह ताजा असतो.

टप्पा ५: आता ठिकाण, आणि एकच

"तिथवर गेलोच आहोत तर" हे वाक्य ज्याच्या तोंडून निघेल त्याने दिवसभर पोराला कडेवर घ्यायचं, असा घरात ठराव करा.

*उजाडता सकाळ.* जवळची महापालिकेची बाग सात वाजता, किंवा बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. उद्यानात कान्हेरीपर्यंत जायचा मोह आवरा. फाटकापासून आतल्या झाडीत तासभर पानं आणि काटक्या गोळा करणं हाच मुलाचा कार्यक्रम असतो. बागेतल्या घसरगुंडीवर बसवण्याआधी हाताची मागची बाजू टेकवून बघा. पत्रा नऊ वाजताच चटका देतो, आणि प्लास्टिकच्या घसरगुंड्याही कमी नाहीत.

*राणीची बाग.* ती साडेनऊच्या सुमारास उघडते, त्यामुळे खिडकी छोटी आहे. उघडताना दारात उभे राहा आणि दीड तासात बाहेर पडा. जुन्या झाडांमुळे सावली चांगली आहे. पेंग्विन कक्ष आधी की शेवटी यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मी आधीच्या पक्षाची: रांग नंतर वाढते. आत थंडगार असतं, म्हणून घामेजलेलं मूल दारातच कोरड्या पंचाने पुसा. बनियन चिंब असेल तर बदला. पेंग्विन पाहून झाले की वाटेत दिसेल तेवढं बघा. वाघ झोपलेला असेल तर असू दे.

*होडी.* लहान मुलासाठी होडी म्हणजे पाच मिनिटंही खूप. वर्सोवा ते मढ किंवा मार्वे ते मनोरी, पलीकडे उतरायचं, शहाळं प्यायचं, परत यायचं. एलिफंटा मे महिन्यात लहान मुलाबरोबर करू नका: तासभराची बोट, मग तापलेल्या शंभरावर पायऱ्या, आणि परत तेच. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि ते मुलाच्या मापाचं आहे का बघा. मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटतं.

*छपराखाली.* दुपारी न झोपणारं चार-पाच वर्षांचं मूल असेल तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र किंवा फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. विज्ञान केंद्रात आतली दालनं बघा, बाहेरच्या अंगणातली लोखंडी खेळणी संध्याकाळसाठी सोडा. वस्तुसंग्रहालयात सगळं दाखवायला जाऊ नका. पेंढा भरलेले प्राणी आणि मुलांचा विभाग, बस्स. शिवाय सुट्टीत शिवाजी मंदिर, यशवंत नाट्यमंदिर, दीनानाथ, गडकरी रंगायतन इथे बालनाट्यांचे प्रयोग लागतात. वर्तमानपत्रातली जाहिरात बघा. चार वर्षांखालच्या मुलाला राक्षसाची एंट्री झेपत नाही. कडेची खुर्ची घ्या आणि कर्ण्यापासून लांब बसा, म्हणजे रडू फुटलं तर लोकांच्या पायांवरून उठावं लागणार नाही.

टप्पा ६: पिशवी आदल्या रात्री

सकाळी पिशवी भरणारा माणूस अर्धा तास उशिरा निघतो, हे आमच्याकडे सिद्ध झालेलं आहे.

पाणी घरचंच, दोन बाटल्या: एक मुलाची, एक मोठ्यांची. एकच ठेवली तर मोठी माणसं ती संपवतात. डब्यात मऊ, कोरडं काहीतरी: धिरडं, घावनाचा तुकडा, केळं. दुधाचे, दह्याचे पदार्थ या हवेत दोन तासांत आंबतात. कोकम सरबत किंवा पन्हं न्यायचं तर थर्मासमध्ये, आणि मुलाला पातळ करून. दोन जोड पातळ सुती कपडे, रुंद कडेची टोपी, पंचा, एक रिकामी पिशवी ओल्या कपड्यांसाठी, ओआरएसचं पाकीट.

ओआरएसबद्दल जरा थांबते, कारण इथे चूक महागात पडते. खोक्यातलं गोड, फळांच्या चवीचं पेय म्हणजे ओआरएस नाही. त्यात साखर जास्त असते आणि जुलाब असतील तर ते वाढतात. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असं लिहिलेलं बघून घ्या, आणि पाकीट जितक्या पाण्याचं आहे तितक्याच पाण्यात कालवा. एक लिटरचं पाकीट अर्धं टाकून अंदाजाने पेल्यात ढवळू नका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

*तपासा:* मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी आहे का? आम्ही दंडावर बॉलपेनने लिहितो. चिठ्ठ्या खाल्ल्या जातात.

टप्पा ७: तिथे पोचल्यावर

पहिलं काम शू. दुसरं पाणी. मूल खेळात असलं की तहान सांगत नाही, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट, मागायची वाट न बघता. "पाणी हवं का?" विचारू नका, उत्तर "नाही" असतं. बाटली तोंडाला लावा.

बाहेरचं काय चालेल? शहाळं समोर फोडून घेतलेलं, उत्तम. ताडगोळे तर मे महिन्याचं खरं सुख. पण सोलून, बारीक तुकडे करून द्या. अख्खा ताडगोळा बुळबुळीत असतो आणि घशात अडकतो. जांभळं आणि करवंदं बिया काढून, घरी धुऊनच. बर्फाचा गोळा नको. बर्फ कुठला आणि कोणत्या पाण्याचा, हे गाडीवाल्यालाही सांगता येत नाही. मला गोळा आवडतो. मी तो पोर झोपल्यावर एकटी जाऊन खाते.

*ही लक्षणं दिसली तर बेत तिथेच संपला:* मूल अचानक गप्प आणि मलूल होणं, ओठ कोरडे, रडताना डोळ्यांत पाणी नाही, सहा तासांत शू नाही किंवा ती गडद पिवळी. सावलीत, वाऱ्यात न्या, कपडे सैल करा, अंग साध्या पाण्याने पुसा, घोट घोट ओआरएस द्या. अंग भाजत असेल, उलट्या होत असतील, मूल बरळत असेल किंवा डोळे उघडत नसेल, तर तोंडात पाणी ओतू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ जवळचं रुग्णालय गाठा, वाटेत अंग ओलं ठेवत.

आणि गाडीत "दोन मिनिटांसाठी" झोपलेलं मूल काचा लावून ठेवायचं नाही. सावलीत उभी असली तरी नाही.

टप्पा ८: परत फिरणं, आणि दुपार

मूल आनंदात असतानाच निघा. रडायला लागल्यावर निघणं म्हणजे तुम्ही अर्धा तास उशिरा आहात. आमच्याकडे "अजून तीन घसरगुंड्या" असं मोजून सांगतो. "पाच मिनिटं" हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही.

घरी आल्यावर साध्या पाण्याने अंघोळ, मांडीच्या आणि मानेच्या वळ्या कोरड्या करा, सैल सुती झबलं. घामोळं आलं असेल तर पावडर थापू नका. घामात तिचा चिखल होऊन ती वळ्यांत साचते, आणि उडालेली मुलाच्या नाकात जाते. थंड पाण्याचं फडकं आणि पंखा, बस्स. खिडक्यांचं म्हणाल तर पश्चिमेच्या खिडकीतून ऊनही येतं आणि खारा वाराही. पडदा ओढा, काच उघडी ठेवा.

झोप झाल्यानंतरचे दोन तास सगळ्यात लांब असतात. आमच्याकडे चालतं ते: मोरीत बसून आंब्याच्या बाठी जुन्या ब्रशने घासणं, उन्हात वाळवणं, दुसऱ्या दिवशी त्यांना डोळे काढणं. बाठीचे केस असतातच, म्हातारबाबा आपोआप तयार होतो. पाण्याच्या टबात खेळवायचं तर तुम्ही हाताच्या अंतरावर बसा, आणि फोन वाजला तर मुलाला उचलूनच जा. खेळ संपला की टब आणि बादल्या लगेच ओता. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडतं.

टप्पा ९: मेच्या शेवटी बेत बदला

मुंबईत मॉन्सून साधारण ११ जूनच्या सुमारास येतो, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला. म्हणून होडीचा बेत २० मेच्या पुढे ढकलत बसू नका. गेटवे-मांडवासारख्या फेऱ्या पावसाळ्यासाठी बंद होतात आणि त्याआधीच समुद्र उसळायला लागतो. पहिल्या पावसाच्या वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर निळ्या फुग्यांसारखे, लांब दोऱ्यांचे विषारी जीव वाहून येतात. मेलेले असले तरी डंख मारतात, आणि मुलांना ते नेमके फुग्यासारखे दिसतात. त्यामुळे वळवाची पहिली सर पडून गेली की वाळूतले खेळ बंद करा आणि छत्री, गमबूट बाहेर काढून ठेवा.